चुकीचं ठरवलेलं उत्तर

परवा मावशीची पंचाहत्तरी झाली. सकाळी देवाधर्माचं झालं, दुपारी श्रीखंड-पुरीचं जेवण झालं, आणि चारच्या चहाला सगळे पेंगायला लागल्यावर मावसभावाने माझ्याकडे बघून डोळा मारला. म्हणजे आता क्विझ. आमच्याकडे गेली कित्येक वर्षं हा प्रकार चालतो. क्विझमास्तर मी. विषय दर वेळी वेगळा. या वेळी मी ठरवून माझ्या जुन्या प्रेमाला हात घातला होता : गेल्या शतकातलं जरा आडवाटेचं इंग्रजी रॉक आणि पॉप. ('अरे पण मावशीला काय कळणार त्यातलं?' असं बायको म्हणाली होती. हे वाक्य लक्षात ठेवा.)

सगळ्यांचे मोबाइल पोळ्यांच्या डब्यात जमा केले. दोन संघ पाडले, एक कांदेपोहे आणि एक उपमा. मावशी उपम्यात. तिला कोणीतरी घ्यायचं म्हणून घेतलेलं.

सातवा प्रश्न असा होता : 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' या रॉक ऑपेरात जूडासची गाणी कोणी गायली?

कांदेपोहे गप्प. मावसभाऊ छताकडे बघतोय. आणि मावशी चहाचा कप खाली ठेवून शांतपणे म्हणाली, 'नंदू भेंडे.'

सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, 'मावशी, अगं नंदू भेंडे कुठून आला इथे? चूक. उत्तर आहे मरे हेड.' आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. उपमा अर्ध्या गुणाने हरला. हरलेल्या संघाने आइस्क्रीम द्यायचं असतं, ते मावशीने दिलं. तिच्याच वाढदिवसाला!

रात्री घरी आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. 'नंदू भेंडे' हे नाव मावशीने उगाच ठोकून दिलं नव्हतं. तिचा आवाज मला माहीत आहे. पत्त्यात हुकुमाचा एक्का टाकताना ती असंच बोलते.

आता थोडं मागे जातो.

मी कॉलेजात असताना, म्हणजे १९८८ ते ९२ या काळात, क्विझ हे आमचं व्यसन होतं. त्यातही रॉक-पॉपची फेरी म्हणजे प्रतिष्ठेचा प्रश्न. आज कोणीही दोन सेकंदांत शोधून काढेल अशा गोष्टी मिळवायला आम्हाला महिनेच्या महिने लागायचे. फोर्टात फुटपाथवर जुनी इंग्रजी मासिकं मिळायची, तीन-चार वर्षं शिळी. काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये (२०१६ साली बंद झालं ते) तासन् तास कव्हरं उलटीपालटी करून मागची बारीक अक्षरं पाठ करायची. विकत घ्यायची एखादीच कॅसेट, तीही वर्गणी काढून. मग तिच्या सहा कॉप्या. पाचव्या-सहाव्या कॉपीत गायकाला कायमची सर्दी झालेली असायची. पण कुठल्या गाण्याच्या मागच्या बाजूला कुठलं गाणं होतं, ढोलकी... सॉरी, ड्रम कोण वाजवत होता, हे आम्हाला तोंडपाठ.

ठरलेले प्रश्नही होते. क्लिफ रिचर्ड कुठे जन्मला? लखनौ, १९४०. रिंगो स्टारच्या आधी बीटल्सचा ड्रमर कोण आणि तो कुठे जन्मला? पीट बेस्ट, मद्रास. एंगलबर्ट हम्पर्डिंक? तोही मद्रास. भारताचा संबंध आला की उत्तरं ही अशी : कोणा गोऱ्या साहेबाच्या घरात पाळणा हलला आणि नंतर ते बोटीत बसून निघून गेले. यापलीकडे आपल्या गावात काही घडलं असेल असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

तर त्या रात्री मी शोधायला बसलो आणि तासाभरात माझं नाक कापलं गेलं.

'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हे आधी नाटक नव्हतंच. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांनी १९७० साली आधी नुसता अल्बम काढला, कारण नाटकाला पैसे लावायला कोणी तयार नव्हतं. त्यात येशू म्हणजे डीप पर्पलचा इअन गिलन आणि जूडास म्हणजे मरे हेड. हे माझं उत्तर. पण १९७१ मध्ये ते ब्रॉडवेवर आलं तेव्हा जूडास होता बेन व्हेरीन. १९७३ च्या सिनेमात कार्ल अँडरसन. आणि १९७४ साली अलिक पदमसींनी ते मुंबईत केलं, तेव्हा जूडास होता... नंदू भेंडे. मी प्रश्नात 'मूळ अल्बममध्ये' हे दोन शब्द घातलेच नव्हते. त्यामुळे उत्तर बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर. आणि चौघांपैकी प्रत्यक्ष ऐकलेलं असं ते एकच होतं, बाकी तिघे आम्ही सर्दी झालेल्या कॅसेटवर किंवा पडद्यावर.

सकाळी मावशीला फोन केला. म्हणाली, 'तुझ्या मामाने नेलं होतं मला. आत्माराम भेंड्यांचा मुलगा आहे, बघ कसला गातो, म्हणाला. मला शब्द फारसे कळले नाहीत, पण तो पोरगा स्टेजवर आला की अंगावर काटा यायचा.' मग म्हणाली, 'आणि पुढे पुलंच्या नाटकात नाही का तो होता? ते तरी तू पाहिलंयस का?'

नव्हतं पाहिलं. १९७८ साली मी सात वर्षांचा होतो. पण त्या नाटकाबद्दल जरा लिहायलाच हवं, कारण माझ्या आयुष्यात मी रचलेल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा चांगला प्रश्न त्यात दडलेला आहे.

प्रश्न असा : १९५९ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं बॉबी डॅरिनचं 'मॅक द नाइफ', द डोअर्सच्या १९६७ मधल्या पहिल्या अल्बममधलं 'अलाबामा साँग', आणि पु. ल. देशपांडे. संबंध सांगा.

संबंध म्हणजे बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल. दोन्ही गाणी मुळात या जोडीची. 'मॅक द नाइफ' हे १९२८ मध्ये बर्लिनला आलेल्या 'थ्रीपेनी ऑपेरा'तलं. तो ऑपेरा पुन्हा बेतलेला जॉन गेच्या १७२८ च्या 'बेगर्स ऑपेरा'वर. भिकाऱ्यांचा, चोरांचा, वेश्यांचा आणि त्यांच्याशी संगनमत असलेल्या पोलिसांचा तो तमाशा. पुलंनी त्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला, जब्बार पटेलांनी बसवला, पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने रंगमंचावर आणला. बर्लिनचा मॅक मराठीत अंकुश झाला. आणि हा अंकुश कोण? नंदू भेंडे. चार वर्षांपूर्वीचा मुंबईचा जूडास!

यातली खरी गंमत संगीताची आहे. संगीताला तीन नावं होती : भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि स्वतः नंदू भेंडे. एकाच नाटकात लावणीही आहे, नाट्यसंगीताच्या वळणाचं गाणंही आहे आणि चक्क पाश्चात्त्य पॉपही आहे. वाइलने मूळ ऑपेरात हेच केलं होतं. ऑपेराच्या प्रतिष्ठित घरात त्याने कॅबरे आणि नाचगाण्याच्या अड्ड्यावरचं जॅझ आणून बसवलं, आणि त्या धक्क्यावर ते नाटक उभं राहिलं. तो धक्का मराठीत कसा आणायचा? नुसत्या चाली उचलून भागलं नसतं. इथे ज्याला प्रतिष्ठा आहे ते नाट्यपद, ज्याला नाही ती लावणी, आणि जे आपलं नाहीच असं आपण धरून चाललो होतो ते इंग्रजी पॉप, या तिघांची टक्कर लावायला हवी होती. आणि त्यासाठी असा माणूस हवा होता ज्याचं बालपण मराठी रंगभूमीच्या विंगेत गेलं आणि तारुण्य गिटारच्या अँप्लिफायरसमोर. असा माणूस मुंबईत होता. 'वेल्व्हेट फॉग' आणि 'सॅव्हेजेस' या मुंबईच्या बँडमधून तो गात होता. मला विचाराल तर आपल्याकडे रॉक आणि मराठी यांची खरीखुरी भेट झाली ती त्या रंगमंचावर. नंतर झालं ते बरंचसं एकमेकांचे कपडे घालून बघणं होतं.

पण बघा कसं आहे. रॉकवाल्यांना तो 'सॅव्हेजेसचा गायक' म्हणून माहीत. माझ्या आईला 'आत्माराम भेंड्यांचा मुलगा' म्हणून. सिनेमावाल्यांना कशानेच नाही; 'डिस्को डान्सर' (१९८२) मधलं 'कृष्णा धरती पे आजा तू' त्याने गायलं हे किती जणांना ठाऊक आहे? तो २०१४ च्या एप्रिलमध्ये गेला. या तिन्ही खोल्यांतली माणसं एकमेकांशी बोललीच नाहीत. आणि मी, ज्याला तिन्ही खोल्यांच्या किल्ल्या घरातच मिळाल्या होत्या, मी मरे हेड घेऊन बसलो.

त्या रात्रीपासून मला नाद लागला. आमच्या जुन्या प्रश्नांच्या वह्या काढल्या (आहेत अजून, तीन, एकीला वाळवी लागलीय) आणि एकेका उत्तराच्या मागे मुंबई सापडते का बघत गेलो.

एक प्रश्न आम्ही दर वर्षी विचारायचो : बीटल्सपैकी सर्वांत आधी कोणाचा एकट्याचा अल्बम निघाला? लोक डोळे झाकून लेनन म्हणायचे. उत्तर जॉर्ज हॅरिसन, 'वंडरवॉल म्युझिक', नोव्हेंबर १९६८. बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीचा हाच पहिला अल्बम. इथे आम्ही थांबायचो आणि गुण द्यायचो. पण त्यातला भारतीय वाद्यांचा भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, हे वहीत कुठेच नाही. मामा फोर्टातल्याच एका बँकेत होता, तिथून चालत पाच-सात मिनिटं.

स्टुडिओ म्हणजे तेव्हा काही फार थोर प्रकरण नव्हतं. स्टीरिओ मशीन नव्हतं. ते कलकत्त्याहून आगगाडीने आणवलं, असं हॅरिसननेच सांगून ठेवलंय. वाजवायला कोण होतं बघा. संतूरवर शिवकुमार शर्मा. सरोदवर आशिष खाँ. हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाद. बासरीवर एस. आर. केंकरे. सनईवर शरद आणि हनुमान, दोघांचं आडनाव कव्हरवर 'जादेव' असं छापलंय, पण मला तर हे जाधवच वाटतात; लंडनच्या छापखान्यात त्यांचा 'ध' सांडला असणार. याच सत्रात 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याचं वादन झालं, त्यात हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे. हॅरिसनने त्यावर गायन चढवलं ते पुढच्या महिन्यात लंडनला, आणि मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला निघालं. हॅरिसनचं गाणं बीटल्सच्या सिंगलवर यायची ही पहिलीच वेळ. 'द इनर लाइट कुठल्या गाण्याच्या मागे होतं?' हा प्रश्न मी स्वतः किमान चार वेळा विचारलाय. सनई कोणी वाजवली, हे एकदाही नाही.

आणि ते मशीन आणून देणारा माणूस? भास्कर मेनन, ईएमआयच्या भारतातल्या कंपनीचे प्रमुख. हे १९७१ मध्ये अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले. १९७३ साली पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' आला तेव्हा अमेरिकेत तो ज्यांनी जिवाचं रान करून विकला ते हेच. तो अल्बम १९७३ ते १९८८ या काळात बिलबोर्डच्या यादीत ७४१ आठवडे होता. ७४१ हा आकडा आम्हाला झोपेत विचारला असता तरी आला असता. मेनन हे नाव आलं नसतं. ते २०२१ मध्ये गेले.

हॅरिसननंतर चार वर्षांनी, १९७२ साली, लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी पुन्हा वाजवून गेले. ते रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर आलं २०१५ मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी. ऐकलं मी. खरं सांगू? फार काही नाही. वादक जरा बिचकत वाजवताहेत, आणि आपल्या तालवाद्यांना ते उलटंसुलटं वजन पचत नाहीय. पण संध्याकाळी हे दोघे कुलाब्यातल्या 'स्लिप डिस्क' नावाच्या डिस्कोत गेले आणि तिथल्या वाद्यांवर गाऊन-वाजवून आले, ती रात्र मला बघायला आवडली असती.

फ्रेडी मर्क्युरीचं सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात सांगतो. जन्म झांझिबारचा, १९४६. घराणं पारशी, बुलसारचं म्हणजे आपल्या वलसाडचं, म्हणून बुलसारा. शिकायला पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये. तिथे १९५८ च्या सुमाराला पाच पोरांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँड, आणि त्यात हा पियानोवर. गायक हा नव्हताच! गायचा ब्रूस मरे. इथवर हल्ली महाबळेश्वरचे टॅक्सीवालेसुद्धा सांगतात. मला कुतूहल उरलेल्यांचं. डेरिक ब्रँच विलायतेत नट झाला, 'माय ब्यूटिफुल लाँड्रेट' (१९८५) मध्ये आहे. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमध्ये राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचा प्रमुख होता. फरांग इराणी पुण्यात सिझलरचं रेस्टॉरंट चालवायचा. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या आवाजाचा शाळूसोबती पुण्यात कॅम्पात गल्ल्यावर बसलेला असायचा, आणि आम्ही क्विझ जिंकून सिझलर खायला जाऊन तिथे आपापसात क्वीनचे प्रश्न विचारत असू! आम्ही खरंच त्याच दुकानात गेलो होतो का ते आता आठवत नाही. गेलो असलो तरी त्याला काही विचारलं नाही, हे नक्की.

या नव्या वहीतला एक प्रश्न मी मावसभावाच्या मुलीवर टाकून बघितला. ती विशीतली, रॅप ऐकणारी. द नोटोरियस बी.आय.जी.च्या १९९७ मधल्या 'लाइफ आफ्टर डेथ'मधलं 'द वर्ल्ड इज फिल्ड' तिला पाठ. म्हटलं, मागे जे वाजतंय ते कुणाचं? नाही माहीत. ते आहे 'स्पेस टॉक', १९७६, गायिका आशा पुथली, मुंबईची. हिंदुस्थानी संगीत शिकलेली ही मुलगी साठच्या दशकात मुंबईत 'द सर्फर्स' नावाच्या बँडबरोबर इंग्रजी गाणी गात होती. मग एका विमान कंपनीत हवाई सुंदरी, मग न्यूयॉर्क. १९७१ मध्ये ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन' या अल्बममध्ये दोन गाणी गायली. जॅझमध्ये तोवर कोणी न गेलेल्या वाटेने चाललेला हा माणूस, त्याच्या सुरांना धरायला खांब नसतात, आणि ही त्यात मींड घेत सहज उतरते. मुलगी म्हणाली, 'काका, हे मला शाळेत का नाही सांगितलं?' आता काय बोलणार!

चरणजित सिंगांची गोष्ट मात्र मला सगळ्यांत जास्त लागली. हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे. सिंगापूरहून रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं घेऊन आले : ड्रमचं ८०८, बेसचं टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर. १९८२ साली त्यांनी एकट्याने बसून 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा रेकॉर्ड केला. भैरवी, ललत, तोडी, मालकंस, यमन, सगळे राग आणि खाली अखंड डिस्कोचा ठेका. खपला नाही. कोणाला घ्यायचा होता? रागवाल्यांना ठेका नको, ठेकावाल्यांना ललत नको. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३ ची बटणं पिळून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं आणि अ‍ॅसिड हाउस नावाचं नवं संगीत जन्मलं. मग २००२ साली एडो बाउमन नावाच्या डच माणसाला दिल्लीत जुन्या रेकॉर्डच्या ढिगात चरणजितांची ती एलपी सापडली. ऐकून तो उडाला. २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली, तर लोकांचा विश्वासच बसेना. कोणीतरी आत्ता बनवून जुनी म्हणून खपवतंय, असं बोललं गेलं. चरणजित तेव्हा मुंबईतच होते. म्हातारपणी युरोपात जाऊन त्यांनी तरुण पोरांना त्या रागांवर नाचवलं. २०१५ मध्ये गेले.

'जगातला पहिला अ‍ॅसिड हाउस अल्बम कुठला?' असा प्रश्न हल्ली क्विझमध्ये विचारतात आणि उत्तर हे देतात. मला तो प्रश्न आवडत नाही. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली नव्हती. हे त्यांचे आजोबा नव्हेत. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय त्या यंत्रात होती. कोणाला त्यात मींड दिसली, कोणाला आणखी काही. चरणजितांना काही पहिलं वगैरे काढायचं नव्हतं. त्यांना मालकंस वाजवायचा होता.

पण लागलं ते हे नाही. लागला तो ढीग.

मामा १९९९ च्या थंडीत गेला. अविवाहित होता, दादरच्या खोलीत एकटा राहायचा. सामान आवरायला मी आणि मावशी गेलो. त्याच्या साठेक रेकॉर्ड होत्या. मी क्विझवाला, जाणकार! मावशी म्हणाली, तुला हवं ते काढून घे, तुला कळतं त्यातलं. मी पिंक फ्लॉइड घेतला, झेपलिन घेतले, डीप पर्पल घेतला. बाकीच्यात आपल्याच मुंबई-कलकत्त्याच्या पोरांनी इंग्रजीत गायलेल्या काही तबकड्या होत्या. एकीवर तर सिगरेटचं नाव. 'सिमला बीट ७१.' मी हसलो होतो हे मला स्वच्छ आठवतंय. सिगरेटच्या पाकिटाबरोबर फुकट मिळाली असेल, म्हटलं. त्या सगळ्या दारावरच्या भंगारवाल्याला दिल्या, नगावर. किती आले ते सांगत नाही.

सिमला बीट ही इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिमला सिगरेटच्या जाहिरातीसाठी भरवलेली बँडची स्पर्धा. देशभरातून पोरं यायची, मुंबईत माटुंग्याच्या षण्मुखानंद सभागृहात अंतिम फेरी व्हायची. ज्या स्टेजवर आपण भीमसेनजींना ऐकलं त्या स्टेजवर शिलाँगचे फेंटोन्स, अहमदाबादचे पर्पल फ्लॉवर वगैरे. १९७० आणि ७१ अशा दोन वर्षांच्या दोन एलपी निघाल्या. आपल्याकडे त्या काळच्या अशा बँडना स्वतःचा अल्बम करायला कोण देत होतं? मुंबईच्या अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचा 'ऑब्सेशन ७७' निघाला तोसुद्धा बँड मोडल्यावर. त्यामुळे त्या पिढीतल्या कितीतरी पोरांचा आवाज राहिलाय तो या दोन जाहिरातीच्या तबकड्यांवरच. पुढे परदेशातल्या शौकिनांनी त्या शोधून पुन्हा काढल्या. मी ऐकल्या त्या इंटरनेटवर. बरीच गाणी नक्कलच आहेत, आवाज डब्यातून आल्यासारखा. पण मध्येच एखादा गिटारवाला असा सुटतो की वाटतं, हा पोरगा पुढे काय झाला असेल? बँकेत लागला असेल. मामासारखा.

हे सगळं मी फोनवर मावशीला सांगितलं. भंगारवाल्याचं तिला आठवत होतंच. म्हणाली, 'षण्मुखानंदला ना? गेला होता की तो. घरी आला तर घसा बसलेला. ओरडून ओरडून. बाबांनी विचारलं कुठे होतास, तर म्हणाला, गाण्याला. बाबा खूश झाले, त्यांना वाटलं कुणा बुवांचं असेल.'

मी विचारलं, कोणत्या वर्षी? ७० की ७१? आणि कोणाबरोबर गेला होता? तो स्वतः वाजवायचा का गं काही?

'ते बाई मला नाही माहीत,' मावशी म्हणाली. 'तो सांगायचा खूप. ऐकायला कोणाला वेळ होता! तू यायचास त्याच्याकडे दर रविवारी, तुला नाही बोलला?'

बोलला असेल. मी रविवारी त्याच्याकडे जायचो ते त्याचा टेपरेकॉर्डर वापरायला.

असो. मावसभावाला कळवून निकाल बदलून घेतला आहे. उपमा अर्ध्या गुणाने जिंकला. मावशीच्या आइस्क्रीमचे पैसे काल मी तिच्या हातात ठेवले, तर तिने त्यातले शंभर परत केले आणि म्हणाली, 'हे पुढच्या वेळेला प्रश्न नीट लिहिण्यासाठी वही घे.'